सरूला पडलेली खिडकी

सुनेने सकाळी कोयता उचलला आणि दुपारपर्यंत खिडकीसमोरच्या सरूच्या झाडाला हे भलंमोठं भगदाड पाडलं. हेतू चांगलाच होता बिचारीचा. खोलीत भरदिवसा दिवा लावावा लागे. तान्हीच्या अंगावर जरा ऊन पडावं, एवढंच तिला हवं होतं. कुंपणाची झाडं छाटली की पुन्हा फुटतात, तसा सरूही फुटेल असं ती धरून चालली. अर्धवट माहिती आणि हातात कोयता, मग काय विचारता!

सरू लावला होता सासूबाईंनी. त्या जाऊन वर्ष होत आलं, पण त्यांचा विनोद घरात अजून ऐकू येई: "नाव सरू, पण सरता सरत नाही." सगळी झाडं बोडकी झाली तरी हा आपला हिरवागार.

सासरे सुतार. संध्याकाळी कामावरून आले, पिशवी ठेवली आणि उघड्या, तपकिरी फांद्यांवरून हात फिरवत राहिले. सून मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, फुटेल ना हो?"

"नाही गं. सरूला हिरव्यातच कापायचं असतं. जुन्या लाकडाला पुन्हा पालवी येत नाही."

ती हमसून हमसून रडू लागली. सासूबाईंची एवढी एकच जिवंत खूण, आणि तिनेच ती मोडली. खाली पडलेल्या फांद्या सासऱ्यांनी गोळा केल्या, करवतीने चकत्या पाडल्या. घरभर गोडसर वास सुटला. "बाळाच्या कपड्यांत ठेव, कसर लागणार नाही," म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, म्हणून तर तिला जास्तच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या चकत्या द्यायला ते खोलीत आले. भगदाडातून ऊन थेट पाळण्यात उतरलं होतं. म्हाताऱ्याचे डोळे अधू. त्या अंधाऱ्या खोलीत नातीचं तोंड त्यांना कधी धड दिसलंच नव्हतं. ते वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"अगं, हिच्या हनुवटीला खळी आहे!"

"जन्मापासूनच आहे, बाबा."

"तुझ्या सासूची आहे ही. अगदी तिचीच." त्यांनी बोट त्या खळीवर टेकवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "रडू नकोस, पोरी. सरू सरता सरत नाही."