पाटावर बसवलेला दत्ता

इनामगावात त्या नवरात्रात देवळापेक्षा साखरबाईच्या अंगणात गर्दी जास्त होती. कोरोनातून परत आलेला तिचा मुलगा दत्ता पाटावर बसवला होता, आणि त्याच्या गालावर उमटलेली काळी बोटं बघायला शिरूरहून जीपा भरून लोक येत होते.

"यम न्यायला आलता!" हौशीराम महाराज भंडारा उधळत ओरडायचे. "देवीनं गालाला धरून माघारी वढला. ही तिची बोटं! आता ह्यो दत्ता न्हाई, घट हाय. दसऱ्यापतुर हलवायचा न्हाई!"

प्रसादाचे पेढे मात्र न हलवता महाराजांच्या पिशवीत जायचे, हाही चमत्कारच.

दौंडच्या दवाखान्यातून निघताना डॉक्टर सारा यांनी साखरबाईला बजावलं होतं, त्याची कूस सारखी बदला, ड्रेसिंगला आणा. पण बसलेला घट हलवत नाहीत, हे ती लहानपणापासून पाळत आली होती. दत्ताच्या अंगात स्वतः हलायचं त्राण नव्हतं, घशातून धड आवाजही निघत नव्हता. "आई, बुड जळतंय," तो पुटपुटायचा. तिचं काळीज तुटायचं, तरी ती पदर पसरून देवीलाच विनवायची. वास सुटला तेव्हा महाराजांनी धूप वाढवला.

पोरगा ड्रेसिंगला आला नाही म्हणून अष्टमीला डॉक्टर स्वतःच आल्या.

"किरिस्ताव बाई! घटाला शिवायचं न्हाई!" महाराज आडवे आले.

त्यांना बाजूला सारून डॉक्टरांनी पिशवीतून तोंडातली श्वासाची नळी बांधायची पट्टी काढली आणि दत्ताच्या गालावर धरली. प्रत्येक काळ्या बोटावर पट्टीचा बंद नेमका बसला.

"श्वास मिळावा म्हणून ह्यांना आम्ही पालथं झोपवलं होतं. पट्टी गालात रुतली. दाबलेल्या जागी रक्त पोचत नाही, कातडं मरतं. ही बोटं आमची आहेत, मावशी. आता तुम्ही जिथं दाबलंय, ते बघू."

दत्ताला उचललं, तेव्हा कातडं पाटालाच चिकटून राहिलं. माकडहाडाशी मूठ मावेल एवढा खड्डा होता, आणि तळाशी पांढरं हाड. भक्त नाक दाबून पांगले. महाराज तर पेढ्यांसकट मोटारसायकलवर बसलेसुद्धा.

जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. कोरोनाला पुरून उरलेला दत्ता दसऱ्याच्या दिवशी गेला.

साखरबाईनं तो पाट चुलीत घातला. आता गावात कुणीही दवाखान्यातून घरी आलं, की ती न बोलावता जाते. घरचे अंगारा लावत बसलेले असतात.

"देवीचं मागाहून बघा," ती म्हणते. "आधी कुशीवर घ्या आन् पाठ बघा. म्या न्हाई बघितली."