पडवीतली निळी कयाक

मित्रांनो, माझ्यासारखीची गोष्ट खरं तर पाण्याची असायला हवी. पण काय करणार, माझी गोष्ट बरीचशी एका पडवीत घडली. मी एक जुनी, निळी कयाक. सोळा फूट लांब, निमुळती, दोघांनी पुढे-मागे बसून वल्हवायची होडी.

माझा जन्म एका शेडमध्ये झाला. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड अंथरून, वर चिकट लेप देऊन कारागिरांनी मला घडवलं. मग मी पेडण्याला, तेरेखोलच्या खाडीवर पर्यटकांच्या सेवेत रुजू झाले. काय ती माझी ऐट! कोणी माझ्यात उलटं बसायचं, कोणी वल्हं हातात घेऊन नुसते फोटो काढायचं, पण उतरताना सगळे माझ्या पाठीवर थाप मारून जायचे. पण नव्याचे नऊ दिवस! हलक्या प्लास्टिकच्या कयाकी आल्या आणि मी माडाखाली पालथी पडले. एका कोंबडीने माझ्या पोटाखाली अंडी घातली, तेवढाच काय तो माझा उपयोग.

तिथे पर्यटकांना वल्हवायला शिकवणाऱ्या ऋतिकाला माझी दया आली. मालकाला विचारून तिने मला टेम्पोवर चढवलं आणि आमोण्याला, मांडवीच्या काठावरच्या आपल्या घरी आणलं. घरात तिची आई सुमंगला आणि वडील सगुणबाब. सगुणबाब बार्ज चालवणारे तांडेल. तीस वर्षं त्यांनी खाणीचा माल आमोण्याहून मुरगाव बंदरात नेला. खाणी बंद पडल्या, बार्ज थांबली आणि ते घरी बसले.

ऋतिकाने आईला माझ्यात बसवलं. पहिल्या दिवशी सुमंगलाबाय दोन्ही हातांनी माझे काठ धरून देवाचा धावा करत होती. शिमग्यापर्यंत मात्र तिचं वल्हं सरळ पडू लागलं. एकदा जेटीच्या पुढे गेल्यावर ती थांबली आणि नदीच्या वळणाकडे बघत म्हणाली,

“ही न्हंय फुडे खंय जाता गो?”

“दर्याक. आणि कालव्यातसून मुरगावाक, पप्पा जायत थंय.”

“मिया कदी बघूकच नाय. जन्म गेलो हिच्या काठार.”

त्याच दिवशी मायलेकींचं ठरलं. मांडवीतून कुंभारजुव्याच्या कालव्यात, तिथून झुआरीत आणि मग मुरगाव. तीन दिवसांचा प्रवास, रात्री नातेवाइकांकडे मुक्काम. पाऊस सरला, तुळशीचं लग्न झालं की निघायचं. तोवर मी भिजू नये म्हणून त्यांनी मला पडवीत ठेवलं. पडवी तेव्हा तिन्ही बाजूंनी उघडी होती.

चतुर्थी जवळ आली आणि सगुणबाबांनी पडवी बंद करायचं काढलं. माकडं फार झाली होती, हे खरंच. सावंतवाडीकडचा शांताराम गवंडी कामाला आला. त्याने मला पाहून विचारलंही, “सगुणबाब, ही होडी आदी भायर काडूया मां?”

“नको. पावसात खराब जायत. मागीर बघूया,” सगुणबाब म्हणाले.

चिऱ्यांची भिंत उभी राहिली, वर लोखंडी ग्रील बसलं आणि कोपऱ्यात एक अरुंद दार. त्या दिवसापासून नदी मला नुसती ऐकू यायची. भरतीचं पाणी जेटीवर थपथप करायचं आणि माझा जीव कासावीस व्हायचा. सगुणबाब मला रोज ओल्या फडक्याने पुसायचे. एवढी माया मला आधी कुणी लावली नव्हती, आणि एवढी घुसमटही मी कधी सोसली नव्हती.

पावसाळा सरला आणि माझ्याभोवती तयारी सुरू झाली. पाणी न शिरणाऱ्या पिशव्या आल्या. उकडे तांदूळ, कोकमाची सोलं आणि सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी घट्ट झाकणाच्या डब्यांत गेली. सवय व्हावी म्हणून सुमंगलाबाय लाइफ जॅकेट घालून केर काढायची. शेजारची सत्यवती कालव्यातल्या मगरींची भीती घालून गेली, तर तिलाच चहा पाजून हिने जॅकेट घालून दाखवलं. सुमंगलाबाय किती हसत होती! मी मात्र त्या दाराकडे बघत होते. मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते.

निघायची सकाळ उजाडली. ओहोटी लागायच्या आत मला पाण्यात उतरवायचं होतं. मायलेकींनी मला उचललं, दाराशी आणलं आणि सगळं मुसळ केरात गेलं. मी वळेना. आडवी केली, उभी केली, स्वयंपाकघरातून काढून पाहिली. माझं नाक भिंतीवर घासलं आणि मी तिथेच अडकले. सगुणबाब खुर्चीत बसून होते.

“आता काय करतलात?” ते म्हणाले. “फुडल्या वर्सा बघूया.”

सुमंगलाबायने मला हळूच खाली ठेवलं. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“कुंभारजुव्याच्या वळणातसून एवडी मोटी बार्ज काडलात तुमी. आणि ह्या दारातसून होडी जायची नाय, ता तुमका कळूंक नाय?”

सगुणबाब खाली मान घालून म्हणाले, “तू गेलंस काय तीन दीस मी हंय एकटो काय करू?”

मला त्यांची कीव आली, मित्रांनो. रागही आला.

सुमंगलाबाय रडली नाही, ओरडलीही नाही. “तीस वर्सां तुमी बार्जीर गेलात,” ती म्हणाली. “मिया कदी दार लायलंय?”

खाली ओहोटी लागली आणि पाणी आमच्याशिवाय निघून गेलं. बऱ्याच वेळाने सगुणबाब उठले. त्यांनी शांतारामला फोन करून ग्रील काढायला बोलावलं आणि तो यायच्या आतच स्वतः कुदळ घेतली. नव्या भिंतीचा पहिला चिरा त्यांनीच पाडला.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा, माणसंही जपा. पण जपायच्या नावाखाली कुणाला कोंडून ठेवू नका. फडकं कितीही मऊ असलं तरी कोंडलेल्याला ते नको असतं.

दुपारी मला अंगणात आणलं तेव्हा मी नखशिखांत धुळीने माखले होते. उद्याच्या ओहोटीला निघायचं ठरलं होतं. सगुणबाब सवयीने ओलं फडकं घेऊन आले, तर सुमंगलाबायने त्यांचा हात धरला.

“पुसू नकात,” ती म्हणाली. “न्हंय धुयतली तिका.”