गोलकीपरचं टोपडं

मी एक हेडगार्ड बोलतोय. फुटबॉल खेळताना डोक्याला लावायचं गार्ड. पण कोल्हापुरात मला या नावानं कुणी हाक मारली नाही. इथल्या गॅलरीनं पहिल्याच मॅचला माझं बारसं केलं आणि नाव ठेवलं, टोपडं. तान्ह्या बाळाच्या टोपड्याची नाडी हनुवटीखाली बांधतात, तसाच माझा पट्टा बसतो ना, म्हणून. त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्याहून मोठी लाज त्याच दिवशी पुढं वाढून ठेवली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

माझा जन्म जालंधरकडच्या एका कारखान्यातला. आत फोमच्या गाद्या, वर काळं कापड, कानांवर ऐकू येण्यापुरती भोकं. मला बनवलं रग्बी खेळणाऱ्यांसाठी, आणि येऊन पडलो शाहूपुरीतल्या एका खेळाच्या दुकानात. कोल्हापुरात रग्बी कुठली? इथं फुटबॉल. पेठापेठांच्या तालमींचे संघ, आणि मॅच असली की अर्ध्या गावाचं कामात लक्ष नाही. बूट, जर्सी, नडगीचे पॅड हातोहात खपायचे. मी खुंटीवर. गिऱ्हाइकं गंमत म्हणून मला डोक्यावर चढवायची, मोबाइलवर फोटो काढायची आणि परत लटकवायची.

एके दिवशी दुकानात एक उंच तरुण आला. दुकानदारानं त्याला बघितल्याबरोबर हात जोडले. "अरे धैर्यशील! काय गोल मारलास भावा परवा! स्टेटसला ठेवलाय मी." आणि त्यानं मोबाइल काढून तो व्हिडिओ लावलाच.

मीही खुंटीवरून बघितला. बॉल उंच आला. गोलकीपरनं उडी मारून तो दोन्ही हातांत धरला. तेवढ्यात धैर्यशीलचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. बॉल हातातून सुटला, गोलकीपर जमिनीवर पडला तो हललाच नाही. धैर्यशीलनं सुटलेला बॉल जाळ्यात ढकलला, जर्सी काढली आणि ती फिरवत गॅलरीकडं धावला. तो नाचत होता, आणि त्याच्या पाठीमागं माणसं स्ट्रेचर घेऊन पळत होती.

"बंद करा की ते," धैर्यशील म्हणाला.

"का रे? रेफ्रीनं गोल दिलाय."

"दिलाय व्हय." तो खाली बघत होता. "सगळी विचारत्यात, तुला म्हाईत नव्हतं न्हवं तो पडलाय? मी म्हणतो, नव्हतं म्हाईत. पण मला म्हाईत होतं ओ. हाडाचा आवाज आलता. तरीबी मी थांबलो न्हाय."

दुकानदारानं मोबाइल खिशात घातला. थोड्या वेळानं धैर्यशीलनं विचारलं, "डोक्याला लावायचं काय हाय का? गोलकीपरसाठी?" असा मी खुंटीवरून खाली आलो.

तो मला घेऊन कसबा बावड्याला गेला. त्या गोलकीपरचं, तौसीफचं, घर तिथं होतं. तौसीफ गाड्यांची सीट कव्हरं शिवायचा आणि सीझनला एका पेठेच्या संघाशी करार करून खेळायचा. दार त्याच्या बायकोनं, नुजहतनं, उघडलं. आतल्या खोलीत भर दुपारी पडदे ओढलेले होते.

"उजेड सोसत नाही त्यांना," ती हळू आवाजात म्हणाली. "आवाजही नाही. जरा दमानं बोला, भाऊ."

तौसीफ भिंतीला टेकून बसला होता. धैर्यशील दाराशीच थांबला. माफी मागायची म्हणून रस्ताभर तो पुटपुटत आला होता, ते मी ऐकलं होतं. पण तौसीफच आधी बोलला. "खेळात हुतंय लेका. बस की. मला तर काय आठवतच न्हाय. गोल तू मारलास म्हणं. कसा मारलास?"

 धैर्यशीलनं मला नुजहतच्या हातात दिलं, "भाभी, हे घालाय सांगा," एवढं म्हणाला आणि चप्पल नीट न घालताच जिना उतरून गेला.

नुजहत तौसीफला आणि मला घेऊन डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर बाईंनी मला उलटंसुलटं करून बघितलं. "घालू दे ना. खोक पडायची नाही, कानाला लागायचं नाही. पण कवटीच्या आत मेंदूला हिसका बसतो, तो यानं थांबत नाही. तौसीफ, डोकं दुखायचं पूर्ण थांबू दे. मग चालणं, मग हलकं पळणं, बॉल सगळ्यात शेवटी. मध्येच दुखलं तर परत मागं यायचं. बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला, तर जिवावर बेतेल."

तौसीफनं त्यातलं पहिलंच वाक्य घरी नेलं. डॉक्टर म्हणाल्या, घालू दे. मला मात्र सगळं ऐकू आलं होतं. ज्या कामासाठी मला आणलं, ते आपल्याच्यानं व्हायचं नाही, हे तेव्हाच कळलं.

तौसीफ कामावर जायला लागला. मशीनच्या खडखडाटानं त्याला मळमळायचं. एकदा त्यानं अख्खं कव्हर उलट्या बाजूनं शिवलं. मालक काही बोलला नाही, उलट चहा मागवला, आणि तेच तौसीफला जास्त लागलं. हात मोडला असता तर प्लॅस्टर दाखवता आलं असतं. डोकं वरून धडधाकट. "मी सोंग करतोय असं वाटत असंल सगळ्यांना," तो नुजहतला म्हणायचा. मग त्यानं खरं बोलणंच सोडलं. कुणी विचारलं, की हसून सांगायचा, "आता एकदम ओके." जिन्यात कठडा घट्ट धरायचा, पण नुजहत दिसली की हात काढून घ्यायचा. ती बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. नवऱ्याला आणखी ओशाळवाणं व्हायला नको म्हणून. पुढं ती म्हणाली, तिथंच आपलं चुकलं.

पुढच्या स्पर्धेची सेमीफायनल आली. समोर पुन्हा धैर्यशीलचाच संघ. तौसीफचे कोच, सयाजीकाका, घरी आले. एके काळचे नावाजलेले डिफेन्डर. आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाला ऐकू जावं.

"राजवीर कच्चा हाय," ते म्हणाले. राजवीर म्हणजे संघाचा दुसरा गोलकीपर. "पेठेची इज्जत हाय तौसीफ. येतोस का न्हाय?"

"डॉक्टरांनी अजून..." नुजहत बोलायला गेली.

सयाजीकाकांनी मला उचलून तौसीफच्या मांडीवर टाकलं. "आता हे हाय की डोक्याला! आता काय हुतंय?"

तौसीफ नाही म्हणाला असता, तर भित्रा ठरला असता. तो म्हणाला, "येतो."

मॅचला गॅलरी खच्चून भरली होती. आम्ही मैदानात आलो आणि समोरच्या पेठेच्या माणसांनी एकच गिल्ला केला. "ए टोपडं! दूध प्यालास का?" "अंगाई म्हणा रे कुणीतरी!" तौसीफच्या कानशिलांवरचा घाम माझ्या फोममध्ये उतरत होता. पण तो खेळला, आणि झकास खेळला. डावीकडं झेपावून एक बॉल त्यानं असा काढला, की चिडवणारेसुद्धा गप्प झाले.

दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर आला. गर्दीत कुणाचा तरी खांदा आम्हाला लागला. फार जोरात नाही. कोल्हापूरच्या मैदानावर असल्या धक्क्याकडं कुणी बघतसुद्धा नाही. माझी गादी दबली आणि परत फुगली. तौसीफ उभाच राहिला. पण त्यानं शेजारच्या खेळाडूला विचारलं, "स्कोर किती झाला?"

"शून्य-शून्य."

दोन पावलं टाकून त्यानं पुन्हा तेच विचारलं. तो खेळाडू हसला, त्याला चेष्टा वाटली. मला वाटली नाही. पण मी फोम आणि कापड. मी कुणाला सांगणार?

तेवढ्यात समोरच्या संघानं लांब पास दिला. धैर्यशील एकटा आमच्या समोर आला. तौसीफ पुढं गेला नाही. तो गोलपोस्ट धरून भलतीकडंच बघत होता. धैर्यशीलनं पाय उचलला, आमच्याकडं बघितलं आणि बॉल बाहेर मारला. रिकाम्या गोलच्या कितीतरी बाहेर.

त्याच्या पेठेनं त्याला ज्या शिव्या दिल्या, त्या मी इथं सांगणार नाही. आजही तो सगळ्यांना एकच सांगतो, "पाय घसरला माझा." खरं सांगितलं तर पेठ त्याला दारात उभं करणार नाही. पण मी समोर होतो. पाय घसरला नव्हता.

तो धावत आमच्याजवळ आला. "तौसीफ, माझ्याकडं बघ. मी कोण?"

तौसीफ त्याच्याकडं बघत राहिला. ओठ हलले, नाव आलं नाही.  मग त्यानं पट्टा सोडला, मला काढून हातात घेतलं आणि दुसरा हात वर केला. रेफ्री आले.

"मला दोन-दोन बॉल दिसालेत," तो म्हणाला. "कधीपासनं डोकं दुखतंय. मी खोटं बोललो."

तो स्वतःच्या पायांनी बाहेर चालत आला. त्याच्याच पेठेची गॅलरी शिट्ट्या मारत होती. सयाजीकाका लाइनवर उभे होते. "पळपुटा!" ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. राजवीर गोलमध्ये गेला आणि संघ हरला.

त्यानंतर तौसीफनं पेठेत पाऊल टाकलं नाही. ओळखीचा कुणी दिसला, की नुजहतला म्हणायचा, "त्या बोळातनं जाऊ." मला कपाटावर टाकलं होतं. मी तिथं पडून विचार करायचो. मी नसतो, तर सयाजीकाका त्याला काय दाखवून घेऊन गेले असते?

या वेळी मात्र त्यानं डॉक्टरांचं सगळं ऐकलं. आधी अंधार आणि झोप. मग अंगणापर्यंत चालणं. मग साखर कारखान्याच्या रस्त्यानं. धैर्यशील रोज सकाळी मोटारसायकल लावून त्याच्याबरोबर चालायला यायचा. दोघं फारसं बोलायचे नाहीत. एकदा तौसीफ म्हणाला, "तू लई लांब मारलास रे बॉल." धैर्यशील म्हणाला, "घसरला पाय." आणि दोघंही हसले.

एका दुपारी नुजहत बाजारातून आली, ती सयाजीकाकांना हाताला धरूनच. काका गल्लीच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तौसीफचं घर विचारत होते. या घरी ते कितीतरी वेळा जेवले होते.

काका पाणी प्याले.  मग तो मोठा आवाज एकदम बारीक झाला.

"तौसीफ, तुला मी पळपुटा म्हणालतो. मी हेडर मारणारा गडी. किती येळा आडवा झालो, पाणी मारायचं आणि उठायचं, एवढंच म्हाईत. आता चहा घेतल्याला आठवत न्हाय. नातीला हाक मारायची तर नाव येत न्हाय तोंडात. कशानं झालंय, देव जाणे. घरच्यांना वाटतंय, वय झालं."

"डॉक्टरांना दाखवलं का काका?" नुजहतनं विचारलं.

"लाज वाटती गं."

तौसीफ उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. "चला, मी येतो तुमच्या संगं. मलाबी जायचंच हाय." दुसऱ्या दिवशी दोघं एकाच रिक्षातून गेले.

नव्या सीझनआधी सरावाची मॅच होती. तौसीफ बघायला गेला होता, आणि त्यानंच देऊन टाकलेला मी आता राजवीरच्या डोक्यावर होतो. कडेनं पेठेतली माणसं दाटीनं बसलेली. एका हेडरला दोन डोकी आपटली. राजवीर पडला, उठला, पुन्हा गुडघ्यावर बसला. "काय न्हाय झालं," तो म्हणाला. कडेची माणसं ओरडली, "ऊठ की रे! टोपडं हाय न्हवं डोक्याला!"

सयाजीकाका मैदानात गेले. त्यांनी माझा पट्टा सोडला, राजवीरचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला आणि म्हणाले, "बस खाली. आज तुझं खेळणं झालं."

माणसं शिट्ट्या मारायला लागली. काका वळले. त्यांचा जुना आवाज परत आला होता.

"शिट्ट्या काय मारताय? माझ्याकडं बघा! या पेठेसाठी डोकं आपटून घेतलं मी, तुम्हीच टाळ्या वाजवल्या. आज मला माझ्या नातीचं नाव आठवत न्हाय. हाय का कुणाकडं त्याला टोपडं?"

एकही शिट्टी आली नाही. राजवीर आपला आपण उठून बाहेर जाऊन बसला. तौसीफनं त्याला पाण्याची बाटली दिली आणि काकांजवळ जाऊन त्यांच्या कानात हळूच नातीचं नाव सांगितलं. निशिगंधा. काकांनी ते दोनदा पुटपुटलं.

सध्या मी संघाच्या किटबॅगेत असतो. तौसीफ हलकं पळायला लागलाय. बॉलला हात लावायची परवानगी अजून मिळालेली नाही. मिळेल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. लोक मला अजून टोपडंच म्हणतात. त्याची लाज आता वाटत नाही. मला जरूर घाला, तुमचा कान वाचवीन, खोक पडू देणार नाही. पण माझ्याकडं बोट दाखवून पडलेल्या माणसाला 'ऊठ' म्हणू नका. त्याला कसं वाटतंय, ते विचारा. आणि 'काय न्हाय झालं' म्हणाला, तर पुन्हा एकदा विचारा.