उलट्या बाजूचं विमान

मास्तरांना घरात सगळे मास्तरच म्हणत, बायकोसुद्धा. शाळेत भूमिती शिकवायची आणि उरलेल्या वेळात युद्धातली विमानं लाकडात कोरायची, यापलीकडे त्यांना जग नव्हतं. बायको इस्पितळात एक्स-रे काढायची. विमानांचं तिला काडीचंही कौतुक नव्हतं, पण सतत कानावर पडून पडून निम्मं पाठ झालं होतं.

त्या रविवारी ती ड्यूटीवरून आली, तर मास्तर भिंग घेऊन दारातच उभे.

"चपला नंतर काढ! आधी इकडे ये!"

टेबलावर आत्यांचा फोटो होता. आत्या म्हणजे मास्तरांच्या वडिलांची धाकटी बहीण. वय नव्वदीला टेकलेलं, मुक्काम आतल्या खोलीत. फोटोत त्यांचा थोरला भाऊ विमानाच्या पंखावर उभा होता. दुसऱ्या महायुद्धात तो विमानांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि तिथून परत आलाच नाही. आत्यांच्या वाढदिवसाला मास्तर अगदी तेच विमान कोरून देणार होते.

"स्पिटफायर आहे, यात वादच नाही," मास्तर घाईघाईने म्हणाले. "पण कुठला मार्क, म्हणजे कुठली आवृत्ती? पंखांच्या पोटाला बघ. एकीकडे रुंद पेटी, इंजिन थंड ठेवणारी. दुसरीकडे नुसतं नळकांडं, ते तेलासाठी. मार्क नऊला दोन्हीकडे पेट्या असतात, म्हणजे ते बाद. मार्क पाचला पेटी उजव्या पंखाखाली असते. आणि इथे बघ, डाव्या!"

"मग?"

"मग काय! असं विमान एकाही पुस्तकात नाही. अगं, कुणालाच माहीत नसलेला प्रकार आपल्या घरात भिंतीवर टांगलेला होता!"

त्यांचा आवाज चिरकला. तिलाही आता राहवेना. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती भिंग घेऊन वाकली.

"मोडलेल्या विमानाला दुसऱ्याचे पंख लावले असतील."

"डावा पंख उजवीकडे बसायला तो काय पायमोजा आहे?"

ती हसली आणि भिंग पुढे सरकवत गेली. विमान थेट समोरून टिपलेलं होतं, त्यामुळे अंगावरची अक्षरं दिसतच नव्हती. भाऊ एका हाताने उघड्या झडपेला धरून उभा होता. तिथे तिचं भिंग थांबलं.

"अहो, वैमानिक आत कुठून चढतो?"

"डावीकडून. झडप डावीकडेच असते."

"मग ही उजवीकडे कशी?"

मास्तरांनी भिंग तिच्या हातातून ओढून घेतलं. तिला मात्र हसू आवरेना.

"आमच्याकडे फिल्म उलटी लावली ना, की चांगल्या धडधाकट माणसाचं काळीज उजवीकडे जातं. नवा डॉक्टर असला तर त्याला घाम फुटतो. अहो भूमितीवाले, हा फोटो उलटा छापलाय!"

मास्तर धावत जाऊन दाढीचा आरसा घेऊन आले. तिने फोटो आरशासमोर धरला. झडप डावीकडे आली. पेटी उजव्या पंखाखाली गेली. पुढच्या पंख्याच्या पात्यांचा पीळसुद्धा सरळ झाला.

"पीळ! मी पीळ बघितलाच नाही!" मास्तरांनी कपाळावर हात मारला. "नळकांडं पुरतं गोल, म्हणजे मार्क पाच. पंखातून तोफेची एकच लांब नळी, शेजारी खुंट नाही, म्हणजे पंख ब प्रकारचा. मार्क पाच ब! सापडलं!"

"नवा प्रकार गेला हो तुमचा."

"गेला खड्ड्यात! काकाचं विमान सापडलं!" आणि पन्नाशीचा तो माणूस टेबलाभोवती चक्क नाचायला लागला.

"आग लागलीय का कुठे?" आत्या काठी टेकत बाहेर आल्या.

"आत्या, तुझा फोटो उलटा होता! इतकी वर्षं उलटा! बघ, हे नळकांडं..."

बायकोने मास्तरांचा दंड दाबला, आत्यांना खुर्चीत बसवलं आणि आरसा त्यांच्यासमोर उभा करून फोटो त्यात दिसेल असा धरला.

आत्या बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे करून आरशातल्या चेहऱ्याला बोट लावलं.

"दादा," त्या म्हणाल्या. "अगं, हा तर दादा!"

"आधीही तोच होता ना, आत्या?" तिने हळूच विचारलं.

"होता गं. पण बघवायचा नाही. भांग भलतीकडे, ती चढलेली भुवई भलतीकडे. वाटायचं, मीच त्याचा चेहरा विसरले. कुणाला सांगायचीही लाज वाटायची." त्या एकदम लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या. "विसरले नव्हते मी!"

तिचे डोळे भरून आले. मास्तरांचेही आले असावेत, कारण ते उगाचच मोठ्याने बोलायला लागले.

"मार्क पाच ब आहे, आत्या! तोफेच्या नळीवरून..."

"असेल, असेल," आत्या आरशावरची नजर न काढता म्हणाल्या. "तू जरा बाजूला हो बघू. उजेड अडवतोयस."