रोमन छावणीवरची चाळण

मी चाळण बोलतेय. नाक मुरडू नका, तुमच्या स्वयंपाकघरातली पिठाची नव्हे. सौदीतल्या बुरैदा गावच्या एका सुताराने मला गहू चाळायला घडवलं. आता अल-उलाच्या पलीकडे, वाळूत गाडल्या गेलेल्या एका रोमन छावणीवर मी माती चाळते. बढतीच म्हणायची.

इथे खोदायला स्वयंसेवक येतात. कसले स्वयंसेवक! डोक्यावर कोरी टोपी, आणि पहिलं खापर सापडायच्या आधी वीस फोटो. एका बाईंनी तर उंटाची लेंडी रोमन मणी समजून कागदात गुंडाळून ठेवली होती.

यंदा आले बाळकृष्णकाका. मूळचे नाशिकचे, दम्मामच्या पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये अठ्ठावीस वर्षं सेफ्टी इंजिनिअर. दोन वर्षं अर्ज करून नंबर लागलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या चौकटीवर बोट फिरवून धूळ तपासली. वाळवंटात धूळ! आलं शहाणं, मी मनात म्हटलं.

खड्ड्याची प्रमुख अरवा. घर श्रीवर्धनचं, वाढली दम्मामला. तिचा हा पहिलाच खड्डा. रोमन इथे कधी राहत होते, हे कुठल्या थरात कुठलं खापर मिळतं त्यावरून ठरणार होतं. ते जमलं नाही तर पुढच्या हंगामात खड्डा दुसऱ्याला देईन, असं उत्खननाच्या मोठ्या साहेबांनी तिला बजावलं होतं. म्हणून ती प्रत्येक थराची खापरं थराची चिठ्ठी लावून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवी आणि चाळलेल्या मातीचे ढीगही वेगळे करी.

गुरुवारी सगळे जेवायला गेले, काका मागे राहिले. तीन ट्रे, त्यात वेडीवाकडी खापरं. त्यांना बघवेना. त्यांनी सगळी एका ट्रेमध्ये आकाराप्रमाणे लावली, मोठी इकडे, बारीक तिकडे, आणि मळक्या चिठ्ठ्या जाळून टाकल्या.

अरवा आली आणि बघतच राहिली.

"काका, हे काय केलंत?"

"हाउसकीपिंग. आमच्याकडे जेवायला उठायच्या आधी जागा चकाचक लागते."

"कुठलं खापर कुठल्या थराचं, आता कसं कळणार? खलास झालं सगळं!"

ती खाली बसून रडली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मला मात्र हसू आवरेना. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

संध्याकाळी काका आपणहून साहेबांकडे गेले. "चूक माझी आहे, पोरीची नाही." साहेबांनी रविवारच्या गाडीने परत जायला सांगितलं. मातीचे ढीग अजून थरावार वेगळे होते; तोवर ते पुन्हा चाळायची परवानगी तेवढी काकांनी मागून घेतली.

सकाळी त्यांनी मला उचललं आणि सवयीने उन्हात धरलं.

"अरवा, ही कोपऱ्यात फाटलीय बघ. कामाआधी हत्यार तपासत नाही का कुणी?"

कुणीच तपासलं नव्हतं. अंगठा जाईल एवढं भोक, गेल्या वर्षीपासूनचं. मला ठाऊक होतं, पण दुसऱ्यांना हसण्यातून मला सवड कुठे होती?

काकांनी तारेने भोक विणून काढलं आणि दोन दिवस ढीग उपसले. शनिवारी तिसऱ्या थराच्या मातीतून एक तांबडा तुकडा वर राहिला. त्यावर कुंभाराचा अर्धा ठसा होता. उरलेला अर्धा, काकांनी लावलेल्या ट्रेमधल्या एका खापरावर. अरवाने दोन्ही जुळवले. पूर्ण ठशावरून कुंभार ओळखू आला, त्याचा काळ जाणकारांना ठाऊक होता, त्यामुळे तिसऱ्या थराचाही काळ ठरला.

"काका, खड्डा माझ्याकडेच राहिला!"

"बरं झालं गं," एवढंच ते म्हणाले. त्यांना डोळे पुसायचे होते.

रविवारी ते गेलेच. साहेबांनी शब्द फिरवला नाही. जाताना मला झटकून खिळ्याला टांगून गेले.

नवे स्वयंसेवक आलेत. एकजण आत्ताच उंटाच्या दाताला रोमन शिपायाचा समजून सलाम करून गेला. मला हसू येतं, खोटं कशाला बोलू? पण तो तांबडा तुकडा पहिल्या खेपेला माझ्याच भोकातून निसटला होता. अरवाने हे कुणाला सांगितलं नाही, आज मी सांगते. तुम्हीही लोकांना खुशाल हसा. फक्त त्याआधी आपली जाळी एकदा उन्हात धरून बघा.