मिनिटाला एकशेवीस ठोके

कुंदनच्या प्रयोगवहीवर लाल शाईने भलंमोठं शून्य होतं आणि खाली मालतीबाईंनी लिहिलं होतं, "घरी बसून रचलेले आकडे. सही नाही."

सही नाही म्हणजे काय, ते आधी ऐका. वहीवर बाईंची सही नसली की अकरावी सायन्सच्या प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं. आणि कुंदनच्या आईने, धुरपदाबाईने, केव्हाच बजावून ठेवलं होतं, "नापास व्हयनी की शाळा बंद. मन्हासंगे साड्यास्ना धागा कापाले बस." आज शनिवार. साडेअकराला वह्या जमा होणार होत्या, आणि दहा वाजून गेले होते.

प्रयोग तसा साधा. एक मीटर दोऱ्याला वजन टांगायचं, झुलवायचं, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं. मग दोरा आखूड करून पुन्हा, असं चार वेळा. त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा निघतो. तो यायला हवा नऊ पूर्णांक आठ. कुंदनचा आला सहा पूर्णांक तीन.

"सुरतेपुरती पृथ्वी हलकी झाली का गं?" बाईंनी विचारलं, आणि वर्ग खो खो हसला.

हसणाऱ्यांचं काय सांगावं! अख्ख्या वर्गाने गणित उलटं केलं होतं. आधी खाली उत्तर लिहायचं, मग वर चढत चढत सेकंद भरायचे. धनश्रीला दहापैकी नऊ, आणि तिने दोऱ्याला हातसुद्धा लावला नव्हता. "येडी आहेस का? उत्तरापासून वर लिही," असं तिने कुंदनला चारदा सांगून पाहिलं. पण पहिल्या दिवशी बाईच म्हणाल्या होत्या, दिसेल तेच लिहा. पोरगी बापाच्या वळणावर गेलेली, सरळ नाकासमोर चालणारी. तिने ते मनावर घेतलं.

"बाई, मी रचले नाहीत, मोजलेत," कुंदन म्हणाली. "स्टॉपवॉच बिघडलं होतं. तुम्हीच म्हणालात, घरी करून आणा."

"कशाने मोजलेस?"

"लूमच्या ठोक्यांनी."

वर्ग पुन्हा हसला. सुरतेत लिंबायतच्या कुंदनच्या गल्लीत कुणी राहिलं असतं तर हसलं नसतं. कुंदनच्या खोलीची मागची भिंत म्हणजेच लूमच्या खात्याची, यंत्रमागांच्या कारखान्याची भिंत. तिथे घड्याळ बघतो कोण? भात उतरवायचा तोही ठोके मोजून. भिंतीपलीकडे अठरा वर्षं तिचा बाप धुडकू लूम चालवत होता, आणि मिशीवरून बोट फिरवत सांगायचा, "मिनिटले एकशेवीस ठोका. घड्याळ चुकस, मन्हा लूम चुकस नही." म्हणजे सेकंदाला दोन. कुंदनने खिळ्याला मीटरभर दोऱ्याने नट टांगला आणि मोजलं. वीस झोक्यांना शंभर ठोके, म्हणजे पन्नास सेकंद. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा शंभरच.

बाई काही दगडाच्या नव्हत्या. त्यांनी कपाटातून दुरुस्त होऊन आलेलं स्टॉपवॉच काढलं. "कर माझ्यासमोर."

वीस झोके, चाळीस सेकंद. पुन्हा केलं, पुन्हा चाळीस.

"मग तू पन्नास कुठून आणलेस?"

कुंदनने मनात हिशेब केला. चाळीस सेकंदांत शंभर ठोके, म्हणजे मिनिटात दीडशे. दिवाळीत खात्याच्या शेठने लूमला नव्या मोटारी बसवल्या होत्या, वीज कमी लागते म्हणून. आणि दिवाळीपासूनच आप्पाचे, तिच्या बापाचे, हात थरथरत होते, घास तोंडाशी नेताना सांडायचा. धाग्याची तार तुटली की वेळेत सापडेना, कापड बिघडायचं, खात्यावर देखरेख करणारा मास्टर आईबहिणीवरून बोलायचा. "जमत नसेल तर कडोदऱ्याहून दुसरा कारागीर आणतो," असं त्याने परवाच ऐकवलं होतं, आणि खोली शेठचीच, ती कामाबरोबरच जाणार होती. बेचाळीस वर्षांचा बाप रोज म्हणत होता, म्हातारा व्हयनू मी.

"बाई, माझे आकडे खरे आहेत. लूमच पळतोय."

बाईंनी वही तिच्यापुढे सरकवली. "असेल. पण परीक्षक तुझा लूम बघायला येणार नाही. पन्नास खोड, चाळीस लिही. हे तर तू आता डोळ्यांनी पाहिलंस."

"आणि आखूड दोऱ्याचे बाकीचे तीन?"

"ते उत्तरापासून वर लिही. वेळ कुठे आहे आता?"

कुंदनने खोडलं आणि धनश्री सांगत होती तसंच लिहिलं. अकरा पंचवीसला सही मिळाली, दहापैकी सहा. वर्ष वाचलं. कुंदनला मात्र भडभडून आलं, आणि धनश्रीचं मनगटी घड्याळ मागून घेऊन ती घरी धावली.

धुडकू संध्याकाळच्या पाळीआधी अंथरुणावर पडला होता. तिला बघताच उठून बसला. "मन्हा लूमनी मार्क दिन्हात का, बेटा?"

त्याला काय सांगावं? खोटं तिच्याच्याने बोलवेना. तिने घड्याळ हातात धरलं. "आप्पा, तुम्ही ठोके मोजा. मी सांगेपर्यंत."

भिंतीपलीकडून आवाज येत होता. धुडकू ओठ हलवत मोजू लागला. एकशेवीसला तो थांबणार होता, पण कुंदनने मान हलवली. एकशेतीस. एकशेचाळीस. मिनिट भरलं आणि तिने बस म्हटलं तेव्हा दीडशे झाले होते. त्याने न विचारता पुन्हा मोजलं.

आता हा उठून शेठच्या अंगावर जाणार, काम जाणार, खोली जाणार, म्हणून कुंदनने त्याचा हात धरला. धुडकूने फक्त विचारलं, "म्हंजे मी म्हातारा व्हयनू नही?"

"नही, आप्पा."

तो तोंड झाकून हुंदके देत रडला. मग पाळीची वेळ झाली तसा उठला, सदरा घातला, दारात वळून म्हणाला, "कोनले सांगू नको," आणि त्याच लूमवर गेला.

धुरपदाबाईने स्टोव्हवर भात ठेवला. दिवाळीपासून भात कच्चा राहत होता आणि ती रेशनच्या तांदळाला शिव्या घालत होती. सवयीने ती भिंतीकडे कान देऊन मोजायला लागली.

"माय, मोजू नको वं!" कुंदन किंचाळली.

"मंग भात कसा उतारू?" धुरपदाबाई म्हणाली, आणि मोजत राहिली.