माझ्या पोटावरचा नंबर

मी एक जुनी नारिंगी चकती आहे. कडेला दोन ठिकाणी खरचटलेली, मधोमध थोडी फिकी पडलेली आणि सध्या अतिशय निवांत. निवांत हा शब्द मुद्दाम वापरते आहे. गेल्या वर्षी एका गुरुवारी माझा जीव असा टांगणीला लागला होता, की अजून आठवले तरी माझी कड थरथरते. पण आता सगळे ठीक आहे. तेव्हा मित्रांनो, काळजी न करता ऐका.

आधी एक सांगते. मला ताटली समजू नका. तशी चूक एका पाहुण्याने केली होती आणि माझ्यावर बिस्किटे मांडली होती. मी डिस्क गोल्फची चकती आहे. या खेळात काठी नसते आणि चेंडूही नसतो. बागेत ठिकठिकाणी लोखंडी खांब रोवलेले असतात, खांबांना साखळ्या लटकवलेल्या असतात आणि साखळ्यांखाली टोपली. ठरलेल्या जागेवरून चकती फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत टोपलीत पोहोचवायची. साखळ्यांवर आपटून आत पडताना छन्न असा आवाज होतो. तो एकदा कानावर पडला की माणूस कामातून गेला म्हणून समजा.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबले आणि मी बाहेर आले, ती इतकी गरम की हातमोजे घातलेल्या बाईंनीही मला चटकन टेबलावर टाकले. त्यांनी माझ्या कडेचे उरलेसुरले प्लास्टिक पातीने कापले, मला काट्यावर ठेवले आणि शेजारणीला म्हणाल्या, "एकशे बाहत्तर ग्रॅम. पास." ही मला मिळालेली पहिली शाबासकी. त्यानंतर बराच काळ दुसरी मिळाली नाही, म्हणून तीच जपून ठेवली आहे.

दुकानातून मला एका भाचीने आपल्या आत्यासाठी विकत घेतले. आत्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे काम करते. नंबरानुसार काच घासायची, चौकटीत बसवायची आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवून विचारायचे, "आता दिसतंय का नीट?" दिवसभर मान खाली घालून बसल्याने तिची पाठ धरायची. भाची नुकतीच कॉलेजात जायला लागली होती आणि तिला हा खेळ भलताच आवडला होता. तिने आत्याला जवळजवळ ओढतच बागेत आणले.

"अगं, माझं वय काय, मी काय फेकणार?" आत्या म्हणाली.

"तू पीठ मळतेस ना? मग मनगट आहे तुला. फेक."

भाचीने काळ्या मार्करने माझ्या पोटावर आत्याचा फोन नंबर लिहिला. आमच्या खेळात हा रिवाजच आहे. चकती झाडीत हरवली, तर ज्याला सापडेल तो नंबर बघून फोन करतो. नंबर नसेल, तर ती बागेच्या फाटकाशी नकाशाच्या फलकाखाली ठोकलेल्या लाकडी पेटीत जाते. त्या पेटीची किल्ली माळीकाकांकडे असते. बारा महिने गळ्यात मफलर गुंडाळून ते गवत कापायचे यंत्र चालवतात, आणि त्यांचा नियम पक्का आहे: नंबर असला की फोन, नसला की पेटी.

आता आत्याची सवय सांगते. काचेवर बोटाचा ठसा दिसला की तिला चैन पडत नाही. चष्मा पुसायचे मऊ कापड तिच्या खिशात कायम असते. त्या कापडाने ती मला प्रत्येक फेकीआधी पुसायची. वरून पुसायची, कडेने पुसायची आणि मग उलटी करून पोटही खसाखसा पुसायची. तुम्हीच सांगा, मार्करची शाई किती दिवस टिकणार? दर दोन महिन्यांनी भाची ओरडायची, "आत्या, परत नंबर पुसलास!" आणि पुन्हा लिहायची.

आमच्या बागेतला मार्ग अठरा टोपल्यांचा आहे. पहिल्या सहा सपाटीवर आहेत. तिथे लहान मुले, बाबागाडी ढकलणारे आईबाप आणि कुत्री, सगळेच मध्ये येतात. सातवीपासून टेकडी सुरू होते. पुढे नुसता चढ आणि उतार, मध्ये झाडांची दाटी, आणि वारा तर कधी कुठून येईल ते त्याचे त्यालाच ठाऊक. तेरावी टोपली सगळ्यांत लांब. तिला खेळणारे सगळे 'घाम' म्हणतात. तिच्या डाव्या अंगाला खोल घळ आहे. आणि माझ्या जातीच्या चकत्यांचा स्वभाव असा, की जोर ओसरला की त्या डावीकडे झुकतात. हा दोष नव्हे, वळण आहे. पण 'घाम'वर त्या वळणाने माझी फार बदनामी केली. आत्या मला घळीतून काढताना जे काही बोलायची, ते मी इथे लिहीत नाही.

तरीही ती वर्षे सुखाची होती. अठरावी टोपली टेकडीच्या माथ्यावर आहे. तिथे पोहोचल्यावर आत्या आणि भाची बाकावर बसून पाणी प्यायच्या आणि एकमेकींच्या फेकींची टर उडवायच्या. मला मध्ये ठेवायच्या. मला ते फार आवडायचे.

मग भाचीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. पाठोपाठ आत्याचा गुडघा दुखायला लागला आणि खेळ थांबला. एके दिवशी आत्याने गॅलरीत कोरफडीची कुंडी आणली. कुंडीखालून पाणी गळत होते. तिने इकडेतिकडे पाहिले आणि मला उचलून कुंडीखाली सरकवले. मित्रांनो, पास झालेली एकशे बाहत्तर ग्रॅमची चकती मी, आणि तीन वर्षे कोरफडीचे पाणी झेलत राहिले! कोरफड स्वभावाने वाईट नव्हती. पण तिला बोलायला कुंडी सोडून दुसरा विषय नव्हता. मला वाटले, संपले आपले आयुष्य. तेव्हा मला खरेच रडू आले.

आत्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितले. तिने कुंडी बाजूला केली, मला काढले आणि साबण लावून असे घासले, की माती गेली, डाग गेले आणि पोटावर उरलेले नंबराचे शेवटचे दोन आकडेही गेले. लिहायला भाची जवळ नव्हती. ती फोनवर होती.

"आत्या, मी रविवारी येतेय. तोवर फक्त पहिल्या सहा. टेकडीवर एकटी जायचं नाही. कबूल?"

"कबूल गं बाई," आत्या म्हणाली.

आणि गुरुवारी सकाळी, दुकानाला सुट्टी टाकून, कुणालाही न सांगता ती अठराच्या अठरा खेळायला निघाली. रविवारी भाचीला थक्क करायचे होते तिला.

बारा टोपल्या छान झाल्या. नवव्या टोपलीत तर मी अशी शिरले, की आत्याने एकटीनेच टाळ्या वाजवल्या. मग 'घाम' आली. आत्याने पिशवी फेकीच्या जागेजवळच्या बाकावर ठेवली. फोन पिशवीत होता. तिने मला पुसले, नेम धरला आणि फेकले. मी सरळ गेले, छान गेले आणि शेवटी डावीकडे झुकले. थेट घळीत.

"तुझं वळण काही सुटायचं नाही," म्हणत ती मला काढायला उतरली. ओल्या पाल्यावरून तिचा पाय घसरला आणि ती माझ्याशेजारीच येऊन पडली. गुडघा वाचला, पण घोटा मोडला. उठायचा प्रयत्न केला तेव्हा तिच्या तोंडून असा आवाज निघाला, की मला ऐकवेना.

तिने हाका मारल्या. वरच्या वाटेवर कुणी नव्हते. कामाच्या दिवशी सकाळी टेकडीवर येतो कोण? घरी वाट बघणारे कुणी नव्हते आणि भाचीला वाटत होते, आत्या दुकानात आहे. ऊन डोक्यावर चढले. आत्याचे ओठ सुकले, चेहरा पांढरा पडला. त्यातच दुरून माळीकाकांच्या यंत्राची घरघर ऐकू आली. आत्या जिवाच्या आकांताने ओरडली, पण त्या घरघरीत तिचा आवाज कुठे पोहोचणार!

तेव्हा तिने मला उचलले.

वाट दोन मजले उंच होती. पहिल्या फेकीला मी झाडावर आपटले आणि कडेवर गडगडत परत तिच्यापाशी आले. दुसऱ्या फेकीला काठापर्यंत पोहोचले आणि तिथून घरंगळले. आत्या रडत होती. पण मित्रांनो, रडता रडताही तिने खिशातून कापड काढले आणि मला पुसले. वरून, कडेने आणि पोटावर. मग माझ्या कानाशी म्हणाली, "झुकायचंच आहे ना तुला? मग झुक." आणि तिने वाटेच्या बरेच उजवीकडे नेम धरला. मी उंच गेले, जोर ओसरला, डावीकडे झुकले आणि वाटेच्या अगदी मधोमध बसले. आयुष्यभर ज्या वळणाचे टोमणे ऐकले, ते त्या दिवशी कामाला आले.

माळीकाका यंत्र चालवत आले. मला पाहून वाकले आणि मला उचलले. यंत्र त्यांनी बंद केले नाही. उलटी करून त्यांनी माझे पोट पाहिले. कोरे! "कुणाची रे डिस्क?" असे एकदा ओरडले, थोडे थांबले आणि मला यंत्राला जोडलेल्या गाडीत टाकून पुढे निघाले. घळीतून आत्या हाका मारत होती. मला त्या ऐकू येत होत्या. मला हात असते तर मी त्यांचा मफलर धरून त्यांना थांबवले असते.

फाटकाशी आल्यावर त्यांनी पेटी उघडली, मला आत ठेवले आणि झाकण लावले. किल्ली फिरल्याचा आवाज झाला. आतल्या चकत्यांनी जागा करून दिली. "सवय होते हळूहळू," एक निळी चकती म्हणाली. मला अंधाराची भीती वाटत नव्हती. टेकडीवर एक बाई मोडक्या पायाने बसली आहे, हे जगात फक्त मला ठाऊक आहे आणि मी पेटीत बंद आहे, याची भीती वाटत होती.

बाहेर माळीकाकांनी डबा उघडला. दोन घास खाल्ले असतील. मग डबा बंद झाल्याचा आवाज आला. किल्ली पुन्हा फिरली आणि झाकण उघडले. काकांनी मला बाहेर काढून इतर चकत्यांशेजारी धरले. त्या सगळ्या चिखलाने माखलेल्या होत्या, कुणावर शेवाळ होते, कुणावर पक्ष्यांची कृपा होती. मी मात्र आरशासारखी लख्ख.

"हरवलेली डिस्क इतकी स्वच्छ?" काका स्वतःशीच म्हणाले. "ही आत्ता पुसलीय कुणीतरी. मग पुसणारा गेला कुठे?"

मला हातात घेऊन ते टेकडी चढू लागले. या खेपेला पायी. 'घाम'च्या वाटेवर पोहोचून त्यांनी हाक मारली आणि कान दिला. घळीतून बारीक आवाज आला, "इथे... दादा, इथे आहे मी!"

"घाबरू नका ताई! आलोच!" असे म्हणत काका पाल्यावरून जवळजवळ बसूनच खाली उतरले. त्यांनी आपला मफलर सोडून आत्याचा पाय बांधला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची मान दिसली. मग त्यांनी फोन करून मदत बोलावली. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी भाची दवाखान्यात आली. पायाला प्लास्टर, हाताला सलाईन आणि उशाशी मी.

"सहा म्हणाले होते मी. सहा!" तिचा आवाज कापत होता.

"बारा तर नीट झाल्या," आत्या म्हणाली.

मग दोघी हसल्या आणि हसता हसता एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. थोड्या वेळाने भाचीने डोळे पुसले, पर्समधून मार्कर काढला आणि मला उलटे केले. लिहायला लागली आणि मध्येच थांबली.

"आत्या, नंबर असता तरी काय झालं असतं माहितेय? काकांनी फोन लावला असता आणि तुझा फोन बाकावर पिशवीत वाजत बसला असता. इतकी वर्षं आपण चुकीचाच नंबर लिहीत होतो."

मग तिने माझ्या पोटावर स्वतःचा नंबर लिहिला. पाय बरा झाल्यावर आत्याने मला दुकानात नेले आणि काचेवर खूण करायच्या बारीक सुईने तो नंबर माझ्या पोटावर कोरून काढला. टोचले थोडे. पण मी हूं की चूं केले नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखे कुणी असेल, तर त्याला कुंडीखाली घालू नका. आम्हाला पुसा, वापरा, झाडावर आपटा, आमची तक्रार नाही. पण आमच्यावर नंबर लिहाल तो तुमचा नको, तुमच्यासाठी धावत येईल त्या माणसाचा लिहा. आणि टेकडी चढण्यापूर्वी त्या माणसाला सांगून जा. गप्प राहून थक्क करण्यात काही मजा नाही, हे मी पेटीत बसून शिकले आहे.

गेल्या रविवारी आत्या आणि भाची अठराच्या अठरा खेळल्या. 'घाम'वर मी याही वेळी डावीकडे झुकले, पण भाची काठावर उभी होती, तिने मला पायाने अडवले. अठराव्या टोपलीपाशी माळीकाका यंत्र बंद करून बघत उभे होते. आत्याने शेवटच्या फेकीआधी कापड काढले, मला उलटे केले आणि पोट खसाखसा पुसू लागली. भाची म्हणाली, "आत्या, काय करतेयस?"

"बघतेय, जातोय का."

"गेला?"

"नाही गं," आत्या म्हणाली आणि तिने मला फेकले.